पाहुण्यांसाठी लावलेलं दार

दुपारी लॉन्ड्रीचं शटर अर्धं खाली आलं की काकू वर घरी येत, धुतलेल्या चादरींची चळत पलंगावर टाकत आणि घड्या घालायला बसत. इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालत, त्यामुळे कान रिकामे राहत. हल्ली ते सुनेच्या बंद दाराला चिकटलेले असत.

सून शिकत होती म्हणे. घरबसल्या, लॅपटॉपवर. "समाजकार्याचा अभ्यासक्रम आहे, आई," थोरल्या मुलाने सांगितलं होतं. "मनावर आघात झालेल्या माणसांना आधार कसा द्यायचा, ते शिकवतात." काकूंना हे काही पटलं नव्हतं. आघात झालेल्याला पाणी द्यावं, कामाला जुंपावं, त्यात शिकायचं काय? बरं, शिकायचंय तर शीक, दार कशाला लावतेस? सून कानात ती बोंडं घालून हलक्या आवाजात बोलायची, मध्येच गप्प व्हायची, कधी तर डोळे पुसतच बाहेर यायची. परवा बोंडं घालायची राहिली, तेव्हा आतून चक्क पुरुषाचा आवाज आला होता. "रात्री झोप लागते का तुम्हाला?" लग्न झालेल्या बाईला असं विचारणारा हा कोण टिकोजीराव?

आज काकूंना राहवेना. त्या अर्धी घडी तशीच टाकून उठल्या आणि दाराला कान लावला.

"पाहुणे आले की मला आत ठेवतात," आतून सून बोलत होती, आवाज रडवेला. "बाहेरून कडी घालतात. मी काय केलंय, ते कुणीच सांगत नाही."

परपुरुषाचं एक वेळ निस्तरलं असतं. हे त्याहून भयंकर होतं. कारण त्या घरात खरोखरच एक माणूस कडीआड होतं.

ते माणूस म्हणजे काकूंची लेक, बेबी. लहानपणी गिऱ्हाइकांच्या रुमालांचे ससे करून गल्ल्यावर ओळीने मांडणारी, मोठेपणी बापाच्या बरोबरीने लॉन्ड्री सांभाळणारी. एके दिवशी इस्त्रीच्या यंत्राची वाफेची नळी फुटली. यंत्रावर काम करणारी मुलगी, बेबीची जिवाभावाची मैत्रीण, तिच्या डोळ्यांदेखत भाजून मेली. काकांनी नवी नळी बसवली, दुकान पुन्हा उघडलं. पण वाफेचा फुस्स आवाज झाला की बेबी किंचाळायची. गिऱ्हाइकं माना वर करून बघायची. म्हणून तिला मागच्या खोलीत हलवलं, मग त्या दाराला बाहेरून कडी आली. लोकांना सांगितलं की तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. गेल्या वर्षी काकूंनी तिला बढतीसुद्धा देऊन टाकली होती.

काकूंनी दार ढकललं. पडद्यावर चार-पाच चेहरे होते. पांढऱ्या केसांच्या एक बाई, दोन तरुण मुली, आणि स्वेटर घातलेले एक टक्कलवाले गृहस्थ. म्हणजे टिकोजीराव हेच! काकूंनी लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं.

"आमच्या घराची अब्रू वेशीवर टांगतेस?"

"सराव होता तो, आई. एकाने त्रासातलं माणूस व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. आज माझी पाळी होती. घरातलं मी काही सांगितलं नाही."

"मग ती कडी काय आभाळातून पडली?"

सून ओशाळली. "मनात होतं ते तोंडातून निघालं. ते चुकलंच माझं."

"आणि रडणं? तेही सरावाचं?"

"नाही. आमच्या बाईंनी विचारलं, दार लावल्यावर आत तुम्ही काय करता? मला उत्तरच देता येईना. आपण ताईंना कधी विचारलंच नाहीये, आई."

"फार शहाणी झालीस," काकू म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

त्यानंतर काकूंची पाळत वाढली. धाकट्याचं लग्न जुळत आलं होतं. मुलीकडचे रविवारी येणार होते. त्याआधी ही बया काहीतरी घोळ घालणार, अशी त्यांची खात्रीच झाली. सून दुपारी बेबीच्या खोलीत जाते, हेही त्यांनी हेरलं. एकदा त्या दाराच्या फटीतून बघत उभ्या राहिल्या.

आत काहीच घडत नव्हतं. दोघी जमिनीवर बसून दुकानातल्या चुकलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. सून काही विचारत नव्हती. अर्धा ढीग संपला. एक मोजा हातात धरून बेबी म्हणाली, "ती पाणी मागत होती."

"हं."

"बाबा म्हणाले, आधी गिऱ्हाइकांना बाहेर काढ. मी आधी गिऱ्हाइकांना बाहेर काढलं."

"मी ऐकतेय, ताई," सून एवढंच म्हणाली.

काकांनी तर काकूंना सांगितलं होतं की बेबी लगेच बेशुद्ध पडली, तिला काही आठवायचं नाही. आजवर काकूंनी दूधवाल्यापासून सुनेपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता. नवऱ्यावर घेण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी त्याच दिवशी काकांना विचारलं. काका चष्मा पुसत म्हणाले, "मेलेलं मढं कशाला उकरतेस?" एवढं उत्तर पुरेसं होतं.

सून बाहेर आली, तेव्हा काकूंनी तिला गाठलं. "होईल का गं बरी?"

"मी अजून शिकतेय, आई. मी डॉक्टर नाही. पण यावर उपचार आहेत. आपण त्यांना दवाखान्यात नेऊ या. आणि या घरात, त्या आवाजाच्या डोक्यावर, ठेवू नका त्यांना."

"धाकट्याचं होऊन जाऊ दे," काकू म्हणाल्या.

रविवार आला. "गोळी दिलीस? कडी घाल," काकांनी नेहमीसारखं काकूंना सांगितलं. काकूंनी सुनेकडे बघितलं.

"मी नाही घालणार," सून म्हणाली. "तुम्हाला घालायची असेल तर तुम्ही घाला, आई."

काकूंनी कडी घातली. झोपेची गोळी मात्र त्यांच्या पदरातच राहिली.

पाहुणे बसले. चहा झाला. मुलीच्या आईची नजर भिरभिरत होती. तीही बिचारी संशयाचंच ओझं घेऊन आली होती. लेक द्यायची म्हणजे घर पारखायला नको? "तुमची मुलगी यायची आहे का लग्नाला?" तिने विचारलं. "कुठं असते म्हणालात?"

तेवढ्यात मागून दारावर थाप पडली. हलकीच. मग पुन्हा.

"मांजर आहे," काका हसत म्हणाले. "सारखं घुसतं आत."

पाहुणेही हसले. काकूंनी ते हसणं ऐकलं, आणि त्या उठल्या.

"मांजर नाही," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी आहे. ती कुठंही नोकरीला नाही. मीच कोंडलंय तिला."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" काका ओरडले.

"आजच आलंय," म्हणत काकू मागे गेल्या.

कडी काढून त्या बेबीला हाताला धरून बैठकीत घेऊन आल्या. बेबीने एकेका चेहऱ्याकडे बघितलं, मग सगळ्यांना नमस्कार केला, अगदी गल्ल्यावर असताना करायची तसा. मुलीची आई उलट नमस्कार करायला चटकन उभी राहिली, पण नवऱ्याने घड्याळाकडे बघितलं. "कळवतो आम्ही," ते म्हणाले. ते काय कळवणार, हे सगळ्यांना उमगलं. धाकटा उठून खाली दुकानात निघून गेला. काकांनी सुनेकडे बोट दाखवलं. "हिच्या त्या शिक्षणाने घर बुडवलं!"

"घर मी बुडवलं होतं," काकू म्हणाल्या. "बेबी उद्या आम्हा दोघींबरोबर दवाखान्यात येणार आहे. दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने. तुम्हाला यायचं तर या."

बेबी अजून खोलीच्या मधोमध उभीच होती. पाहुण्यांनी रिकाम्या केलेल्या खुर्च्यांकडे बघत तिने हळूच विचारलं, "आई, मी इथं बसू का?"

काकूंनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. आपल्याच घरात बसायला अशी परवानगी मागणारी माणसं आणखी किती बंद दारांमागे असतील? ते शोधायला लांब जावं लागत नाही. पाहुणे यायच्या दिवशी आपण कुठलं दार आधी लावतो, तेवढं आठवून बघावं.