ऐकलेलं आणि पाहिलेलं

मी एक जुना फळा आहे. अहमदपूरजवळच्या एका शाळेत, मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभा असतो. दुपारी कवाडाच्या फटीतून ऊन येतं, त्यात धूळ तरंगू लागते आणि जुने वर्ग मला स्वप्नासारखे दिसतात.

मित्रांनो, तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पावसानं पाठ फिरवली होती, शिवार करपलं होतं. एके दिवशी सातवीतला रामकिशन भर वर्गात म्हणाला, "बौद्धवाड्यातल्या लोकांनी देव सोडले, म्हून पाऊस न्हाई."

चांगुणा त्याच वाड्यातली. ती ताडकन उठली आणि दप्तर उचलून दाराकडं निघाली.

भीमाशंकर गुरुजींनी माझ्या अंगावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं 'ऐकलेलं', दुसऱ्या बाजूला 'पाहिलेलं'.

"रामकिशन, तुझं वाक्य कुठं लिहू?"

तो अडखळला. "ऐकलेलं. आजा सांगत होता."

"मग माझ्या आजीला बी इचार की!" चांगुणा दारातून म्हणाली. "तिनं समदं पाह्यलंय."

रामकिशन खरंच तिच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं सरजाआजीचे शब्द 'पाहिलेलं'खाली लिहिले : "आम्ही मरीआईला निवद दाखवत होतो, तवाबी दुष्काळ पडला. तवाबी आम्हाला आडावर चढू दिलं न्हाई." मग तो स्वतःचं वाक्य पुसायला लागला.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "दोन्ही वाचू. मग बोलू."

दुपारी रामकिशनचा आजा शेषेराव तणतणत आला. "पोरांना काय शिकवायलात, गुरुजी?"

गुरुजींनी चांगुणाकडं पाहिलं. तिनं माझ्यावरचं सगळं सावकाश वाचून दाखवलं. म्हातारा माझ्याजवळ आला.

"खरं हाय," तो म्हणाला. "काठी घिऊन आडावर मीच हुभा होतो."

चांगुणानं खडू उचलला. "हे बी लिहू का, आज्या?"

"लिही, माय."

तिनं लिहिलं. सरजाआजीच्या शब्दांखालीच.

पाऊस त्या वर्षी आलाच नाही. काही घरांनी गुरुजींशी बोलणं टाकलं. पण आडावर शेषेराव स्वतः उभे राहिले आणि सरजाआजीचा पोहरा खाली उतरला.

मित्रांनो, मला पुन्हा काळा रंग दिला नाहीत तरी चालेल. एवढंच करा : ज्यांच्याविषयी बोलायचं, त्यांच्या दारी आधी जाऊन या.