शामरावाची बधिर हनुवटी

शामरावासारखा हसरा माणूस लालबागच्या त्या अख्ख्या चाळीत नव्हता, त्यामुळे गिरणीत मागावरच्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून आतलं सूत श्वासानं ओढता ओढता एक दिवस त्याचा खालचा ओठ आणि हनुवटीची डावी बाजू बधिर झाली, तेव्हा त्यानं त्याचीसुद्धा गंमतच करून टाकली. जोडीदारांशी पैजा लावून तो हनुवटीला कचकचून चिमटे काढून घ्यायचा आणि वर विचारायचा, "काढला का रे? मग सांगायचं तरी!" दाढी करताना रक्त आलं तर म्हणायचा, "बघा, फुकटात भूल मिळाली."

त्याच्या बायकोला, कौसल्येला, मात्र हसू येईना. महिना उलटला तशी ती हट्टानं त्याला परळच्या रमाकांत डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"मार नाही, दाढ दुखत नाही, आणि तरी हनुवटी बधिर," डॉक्टर म्हणाले. "आत कुठंतरी वाढणाऱ्या कॅन्सरचं हे कधी कधी पहिलं लक्षण असतं. नसेलही. पण खरंच बधिर असेल, तर उद्याच इस्पितळात दाखल व्हायचं."

उद्या! अहो, आपलं मराठी राज्य स्थापन व्हायला आठवडा उरलेला, मिरवणुकीत चाळीच्या लेझमीचा म्होरक्या शामराव, आणि हा भला माणूस त्याला खाटेवर झोपवायला निघालाय! डॉक्टरला चकवायचंच, असं शामरावानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

"डोळे मिटा. कापूस टेकला की 'लागलं' म्हणा."

वीस वर्षं मागाच्या ठेक्यावर काढलेला गडी तो. उजवीकडे तीनदा कापूस टेकला, तेवढ्यात त्यानं ताल पकडला, आणि डावीकडे काही कळत नसताना त्याच तालावर "लागलं, लागलं" म्हणत सुटला. मध्येच कौसल्येचा हुंदका ऐकू आला. तो आनंदाचाच असणार असं वाटून त्याला आणखी जोर चढला.

आणि तेवढ्यात हनुवटीच्या डाव्या बाजूला खरोखरच स्पर्श झाला. मऊ, गार, बोटाच्या टोकासारखा, अगदी स्पष्ट. शामरावाचा जीव भांड्यात पडला.

"लागलं! डॉक्टर, आईशप्पथ, आता खरंच लागलं!" म्हणत त्यानं डोळे उघडले.

डॉक्टर पलीकडे टेबलाशी बसून इस्पितळाची चिठ्ठी लिहीत होते. "कापूस मी केव्हाच खाली ठेवला, शामराव," मान वर न करता ते म्हणाले. कौसल्या तोंडाला पदर लावून दाराशी उभी होती.

शामरावाच्या समोर कुणीच नव्हतं, आणि ते गार बोट हनुवटीवरून सावकाश त्याच्या ओठाकडे सरकत होतं.