निळी झाक

"निळी आहे," पारखी म्हणाला. मग त्याने उजवा डोळा मिटला आणि डाव्याने तीच फळी पुन्हा न्याहाळली. "नाही नाही, चांगली आहे." मग डावा मिटला. "निळीच आहे गं!"

"एकदा काय ते ठरव," थप्पीच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली अक्का म्हणाली. "फळीला असा डोळा मारत राहिलास तर ती लाजून लाल व्हायची. मग आणखी घोटाळा."

पारखी हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण वखारीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला त्याच नावाने हाक मारी, आणि त्यालाही ते मनापासून आवडे. ओंडका करवतीवर चढवायचा, त्याच्या जाड फळ्या पाडायच्या आणि प्रत्येक फळीवर खडूने खूण करायची, हे त्याचं काम. चांगल्या फळीवर गोल, निळ्या बुरशीने डागाळलेलीवर फुली. त्याने गोल काढला की ती काळ्या दगडावरची रेघ. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी असलेली त्याची बहीण मागून येई, फळ्या वाळण्यासाठी रचून ठेवी आणि दोन फळ्यांमधून वारा खेळावा म्हणून मध्ये लाकडी पट्ट्या घाली. पस्तीस वर्षं हे असंच चालू होतं आणि दोघांचंही त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.

महिन्यापूर्वी पारखीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डाव्याचा अजून दोन महिन्यांनी निघायचा होता. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं होतं, "तुमचं जुनं भिंग पिवळं पडलं होतं. निळा रंग त्यातून नीट आत येतच नव्हता. आता काही दिवस निळं जरा जास्तच दिसेल. घाबरू नका."

घाबरणार कोण? घरी महिनाभर त्याला नुसती गंमत वाटली. जो सदरा तो सायीच्या रंगाचा समजत होता तो पांढराशुभ्र निघाला. स्वयंपाकघराच्या भिंतीला दिलेला रंग पिवळट आहे म्हणून तो रंगाऱ्याशी हुज्जत घालून बसला होता. ती भिंत पिवळट नव्हतीच. त्याने जाऊन रंगाऱ्याची माफीसुद्धा मागितली.

पण आज डोळ्यांवर धूळ अडवणारा मोठा चष्मा चढवून तो वखारीत आला, थप्पीपुढे उभा राहिला, आणि गंमत संपली. उजव्या डोळ्याला जे दिसत होतं ते डाव्याला दिसत नव्हतं. म्हणजे उजवाही तसाच पिवळा होता, तेव्हा आपण काय काय चांगलं म्हणून पाठवून दिलं? किती जणांच्या घरात, किती टेबलांवर आपण पास केलेली बुरशी बसली असेल?

"मी जरा मागे बघून येतो," तो म्हणाला.

"मागे काय बघायचंय? इथलं काम कर," अक्का पटकन म्हणाली. ती जरा जास्तच पटकन बोलली.

मागच्या पत्र्याखाली चाळीसेक फळ्यांची एक थप्पी होती. वाकलेल्या फळ्या म्हणून अक्काने ती बाजूला लावलेली त्याला ठाऊक होतं. त्याने वरची फळी उचलून नजरेसमोर धरली. कुठे वाकली होती? सरळ होती. तिच्यावर त्याच्याच हातचा ठसठशीत गोल होता आणि गोलाखालून, सालीच्या बाजूच्या पांढऱ्या लाकडात, निळ्या-करड्या रेघा धावत होत्या. दुसरी तशीच. तिसरीही तशीच. प्रत्येकीच्या एका कोपऱ्यात लाकूड घासल्यासारखा एक ठिपका होता आणि त्याच्या शेजारी रंध्याचा एक हात फिरवलेला होता.

तो परत आला तेव्हा अक्का पट्ट्या सरळ करत होती. त्या आधीच सरळ होत्या.

"त्या सगळ्यांवर माझा गोल आहे," तो म्हणाला.

"हो."

"आणि मला सांगितलंस वाकल्यात म्हणून."

"मग काय सांगू?" अक्का फळीवरच टेकली. "गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात तू एक फळी पास केलीस, ती मला निळी दिसली. म्हटलं, माझेच डोळे गेले असतील. पारखी तू, मी आपली फळ्या रचणारी. म्हणून लिंबू लावून पाहिलं."

"तरीच डब्यात रोज लिंबू! मला वाटायचं तुला पित्त झालंय."

"पित्त खवळलं होतंच. तुझ्यामुळे."

करवतीचं लोखंड आणि ओल्या लाकडाचा तुरट रस एकत्र आले की निळा-काळा डाग पडतो. तो वरवरचा असतो, लिंबाने उतरतो. लिंबाने नाही उतरला तर रंधा मारायचा. सालपटाबरोबर डाग निघून गेला, तर ते कापलेल्या सफरचंदासारखं नुसतं हवेने काळवंडलेलं लाकूड. आणि सालपट काढत गेलं तरी रंग आत आतच उतरत असेल, तर ती बुरशी. हे सगळं पारखीला पाठ होतं, पण त्याला कधी लिंबाची गरज पडली नव्हती. तो नजरेनेच सांगायचा. अक्काने मात्र स्वतःच्या नजरेवर विश्वास न ठेवता एकेक फळी तपासली होती, दीड वर्ष, तो जेवायला गेला की.

"तोंडावर का नाही बोललीस?"

"बोलले होते एकदा. तू म्हणालास, 'अक्का, तू पट्ट्या बघ.'"

पारखीला ते आठवेना. त्याने पुष्कळ आठवून पाहिलं. बोललो असेन, त्याच्या मनात आलं, सहज बोललो असेन, आणि लगेच विसरूनही गेलो असेन. त्याला भयंकर लाज वाटली. आणि त्या लाजेच्या बरोबरीनेच, अगदी निर्लज्जपणे, त्याला हलकंही वाटलं. एकही वाईट फळी बाहेर गेली नव्हती. त्याचं नाव शाबूत होतं, आणि ते कुणी राखलं होतं ते समोर भुशाने माखलेलं बसलं होतं.

"चहा घेतोस?" तिने विचारलं.

"घेतो," तो म्हणाला.

चहा होतो न होतो तोच सुतार आला. त्याला वाचनालयासाठी वीस जणांचं लांबलचक टेबल करायचं होतं आणि त्यासाठी दारातला सगळ्यात मोठा ओंडका त्याने राखून ठेवला होता. करवत सुरू झाली. हाताला मात्र पारखीच्या काही झालं नव्हतं. चार फळ्या सुटल्या, एकाच जाडीच्या, लोण्यासारख्या कापलेल्या. पाणी प्यायला पारखी बाजूला गेला आणि परत आला तोवर त्यांच्यावर निळसर झाक धरू लागली होती.

"बोला पारखी," सुतार म्हणाला. "किती चांगल्या?"

पारखीने उजवा डोळा मिटला. मग डावा. सुतार वाट बघत होता. हातात खडू होता, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला काहीच सांगता येत नव्हतं. अंदाजाने ठोकून देता आलं असतं. मागाहून अक्काने सांभाळून घेतलंच असतं, आणि सुताराला कळलंही नसतं.

"अक्का," त्याने हाक मारली, "लिंबू घेऊन ये. यांना टेबल करायचंय."

अक्का जागची हलली नाही. "तूच सांग ना," ती हळूच म्हणाली. "मी काय…"

"मला दिसत नाही गं," पारखी मोठ्याने म्हणाला. सुताराने चमकून त्याच्याकडे पाहिलं. "दीड वर्ष झालं दिसत नाही. तुम्ही इथून जे लाकूड नेलंत ना, ते हिने निवडलेलं."

अक्काने ॲप्रनला हात पुसले. पहिल्या फळीवर लिंबू चोळलं आणि थांबली. तिघंही थांबले. निळी झाक विरत गेली. "करवतीची आहे. चांगली," ती म्हणाली, पण इतक्या बारीक आवाजात की सुताराला कान पुढे करावा लागला. दुसरी फळी चांगली निघाली. तिसरीला तिने रंधा लावला, सालपट वर करून बघितलं. "हवेची. चांगली." आवाज आता जरा सुटला होता. चौथीच्या टोकाला तिने एक सालपट काढलं, दुसरं काढलं, चौथं काढलं.

"ही नाही," ती म्हणाली. "आत उतरलीय. टोकाचे दोन हात कापून टाका, बाकीची घ्या."

"बाकीची नक्की चांगली आहे?" सुताराने सवयीने पारखीलाच विचारलं.

"माझ्याकडे काय बघता? त्या सांगतायत ना."

मग सुताराने वळून तोच प्रश्न अक्काला विचारला, आणि अक्काने त्याला नीट उत्तर दिलं. बोटाने रेघ दाखवत, कुठून कापायचं ते समजावत ती चांगली पाच मिनिटं बोलली. मध्येच तिने त्याची एक शंका उडवून लावली. सुताराने मान डोलावली आणि कानामागची पेन्सिल काढून तिने दाखवलं तिथे खूण केली.

फळ्या वाळायला छपराखाली न्यायच्या होत्या. ओल्या लाकडाचं वजन भारी, दोन माणसं लागतात. एकजण पुढे बघत चालतो आणि वाट सांगतो. दुसऱ्याला टोक धरून उलट्या पावलांनी जावं लागतं. ते उलटं चालणं इतकी वर्षं अक्काचं होतं. आज पारखी आधीच जाऊन त्या टोकाला उभा राहिला.

"अरे, पडशील," अक्का म्हणाली.

"तू सांग की."

तिने फळी उचलली. "चल. डावीकडे घे. आणखी जरा. खाली ओंडका आहे, पाय उचल," ती सांगत गेली, आणि पारखी मागे न बघता एकेक पाऊल टाकत गेला.