दहा मिनिटं पुढे

कपाटामागे घरघरतोय तो पंखा नव्हे, मी बोलतोय. मी रक्तपेढीचा सर्व्हर. वय वर्षं अकरा, म्हणजे आमच्या जातकुळीत पणजोबाच म्हणा ना!

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते हे, की रक्तपेढीच्या बाईंनी मला सुरू केलं आणि आधी माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. भिंतीवरचं घड्याळही तसंच. "रक्ताला उशीर चालत नाही," त्या म्हणायच्या आणि सगळे धावतपळत कामावर यायचे. मला तर त्याचा केवढा तोरा! सगळ्यांच्या आधी मला दुपार व्हायची.

रस्त्यापलीकडच्या इस्पितळाचा सर्व्हर मला निरोप धाडायचा: अमुक गटाच्या दोन पिशव्या हव्यात. मी त्या राखून ठेवायचो आणि उत्तर पाठवायचो. पण निरोप सगळा उघडा. वाटेत कुणी रक्तगट बदलला असता, तर आम्हा दोघांनाही पत्ता लागला नसता. या विचाराने मी आजही गरम होतो. म्हणून ठरलं, यापुढे प्रत्येक निरोप कुलूपबंद, वर पाठवणाऱ्याची सही आणि वेळ. त्या वेळेत आणि आपल्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला की निरोप नाकारायचा, कारण जुना निरोप चोरून कुणी पुन्हा पाठवू शकतो.

हे जमवायला एक इंजिनियर मुलगी आली. तिने आम्हा दोघांना किल्ल्या दिल्या, एकमेकांच्या सह्या ओळखायला शिकवलं. आणि तरीही तीन दिवस आमचं काही जुळेना. माझा निरोप तो परत फेकायचा. त्याचा आला की मीही फेकायचो, किती शिळा! आळशी लेकाचा, मी मनात म्हणायचो. परक्याला काही कळू नये म्हणून आम्ही नाकारण्याचं कारण सांगत नाही. पडद्यावर नुसतं 'नाकारला'. ती बिचारी डोकं धरून बसायची.

चौथ्या दिवशी रक्तपेढीच्या मोठ्या साहेबांचा तिला फोन आला. "आज चारपर्यंत चाललं नाही तर ते खोकं भंगारात. नाहीतर सही तपासणं बंद कर ना, कोण बघतंय?"

"साहेब, मग कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं होईल," ती म्हणाली. मला ती तेव्हाच आवडली. पण भीतीही वाटली; भंगारात जाणार होतो तो मी!

माझ्या पडद्यावर चार वाजले. तिने घरी जायला आपली पर्स उचलली. "हरले मी, बाई."

"बस गं पोरी, अजून दहा मिनिटं आहेत. आपली घड्याळं पुढे असतात."

"आपली म्हणजे?"

"सगळीच. याचंसुद्धा." बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

तिने आपलं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग इतकी हसली की खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. "अहो बाई, हा दहा मिनिटं पुढची वेळ टाकून सही करतोय आणि तिकडचा त्याला लबाड समजतोय!"

लबाड? मी? अकरा वर्षांचा तोरा एका वाक्यात उतरला. आळशी तो नव्हता, उतावळा मी होतो.

तिने माझं घड्याळ बरोबर केलं आणि दोघांनाही एकाच ठिकाणी वेळ विचारायला लावलं. चारला तीन मिनिटं कमी असताना इस्पितळाचा निरोप आला. बाळंतपणात फार रक्त गेलेली एक बाई, दोन पिशव्या, ताबडतोब. मी सही पाहिली, वेळ पाहिली, कुलूप उघडलं. पिशव्या राखल्या, माझी सही ठोकली, उत्तर धाडलं.

'स्वीकारला.'

बाईंनी स्वतः रक्ताची पेटी उचलली आणि रस्ता ओलांडला. परतल्या त्या ओरडतच, "आई वाचली! मुलगी झाली!" इंजिनियर मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. भंगाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता माझं एकच मागणं आहे. बाई, भिंतीवरचं घड्याळ हवं तेवढं पुढे ठेवा. माणसांना धावायला लावा. मला मात्र खरी वेळ असू द्या. मी पोहोचतो वेळेवर.