सोमवारचं विमान

फेब्रुवारीत लॉस एंजेलिसहून फिलिपिन्समधल्या सेबूला जाणाऱ्या विमानात निम्म्या जागा रिकाम्या राहायच्या. म्हणून विमान कंपनीत वेळापत्रक आखणाऱ्या मर्लिंडानं आठवड्याच्या सात फेऱ्यांच्या तीन केल्या. पंधरा दिवसांनी शेजारच्या कॉन्सोर्सियामावशींचे यजमान वारले. त्यांचं पार्थिव गावी, सेबूला न्यायचं होतं, पण सोमवारचं विमानच नव्हतं.

“तिता, ती फेरी मीच बंद केली,” मर्लिंडा मावशींना मान खाली घालून म्हणाली.

“रिकामं विमान कोण उडवेल गं? आणि हे तरी कधी कुठं वेळेवर पोचले होते! तिकडे सगळे दफनापर्यंतच्या जागरणाला बसलेत, आणखी दोन दिवस बसतील.”

मर्लिंडानं रजा टाकली आणि बुधवारी ती त्यांच्यासोबत निघाली. विमान इतकं भरलं होतं, की दोघींना शेजारी जागा मिळाली नाही.