कुंदाबाईचा आवाज

पिंप्राळ्यातल्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात हितेंद्रने एक जुना कंप्युटर बसवला होता. त्याच्या कंपनीने मोडीत काढलेला, पण त्याने तो असा काही जुळवला की घराचं सगळं त्यावरच चालायचं. फोटोंचं ॲप, कागदपत्रांचं ॲप, दारावरच्या कॅमेऱ्याचं ॲप. प्रत्येकाचा आपापला कंटेनर, म्हणजे झाकण लावलेला वेगळा डबाच. एक बिघडला तरी शेजारच्याला धक्का नाही. बाहेरून कोण आलं, काय बघून गेलं, याची नोंद ठेवायलासुद्धा एक डबा होता. "आपलं आपल्या घरात," तो पाहुण्यांना सांगायचा. "लोकांच्या कंप्युटरवर आपली माणसं कशाला ठेवायची?"

त्याची आई कुंदाबाई सात महिने अंथरुणाला खिळून होती. तेवढ्या काळात त्याने तिचं बोलणं फोनवर टिपून घेतलं. एक्केचाळीस तुकडे. ती गेल्यावर त्यांच्यासाठी नवा कंटेनर उभा केला, सगळं त्यात भरलं आणि फोनमधून काढून टाकलं. वडिलांना, लोटनआबांना, एक टॅब घेऊन दिला. आबा रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन बटण दाबायचे आणि आतून कुंदाबाई म्हणायची, "प्या ना, चहा थंडा हुई ऱ्हायना." मग आबा प्यायचे. चार घरं सोडून असलेले लोकही म्हणायचे, मुलगा असावा तर असा. हितेंद्रला ते ऐकायला आवडायचं.

एका रविवारी सकाळी नोंदी चाळताना त्याला दिसलं, आबांच्या खात्यात कुणीतरी बाहेरून येतंय. दोंडाईच्याहून.

दोंडाईच्यात त्याची धाकटी बहीण पुनम राहत होती. तीन वर्षांपूर्वी तिने परजातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून हितेंद्रने तिचं नाव घरात बंद केलं होतं. आई गेली तेव्हा ती फाटकापर्यंत आली होती. त्याने तिला तिथूनच परत पाठवलं. दहाव्यालाही येऊ दिलं नाही.

"आबा, तुमचा पासवर्ड कुणाला दिला?"

आबांनी कप खाली ठेवला. मुलगा घरातही शहरी मराठी बोले, आबांची जीभ मात्र अहिराणीच. "पुनमनी बी माय व्हती ना रे," ते म्हणाले.

हितेंद्र उठला. कंप्युटरसमोर बसला, कमांड टाइप केली, आवाजाचा कंटेनर बंद केला. दुसऱ्या दिवशी आबा चहा घेऊन बटण दाबत राहिले. चहावर साय धरली.

"हितू, तुन्ही माय बोलत नही रे."

"बोलेल. पुनमला फोन लावा. तिला सांगा, संबंध संपला. माझ्यासमोर सांगा. मग चालू करतो."

आबांनी तीन दिवस काढले. हितेंद्रची बायको ऋतिका स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, म्हातारं माणूस आहे." तो म्हणाला, "म्हणूनच वेळ देतोय." चौथ्या दिवशी आबांनी स्वतःच फोन पुढे केला. त्याने नंबर लावून स्पीकर सुरू केला.

"आबा?" पुनमच्या आवाजात आनंद होता. "तब्येत कशी शे?"

आबांनी मुलाकडे पाहिलं. हितेंद्रने मान हलवली.

"तुले माय नही, बाप नही," आबा म्हणाले. "परत फोन करू नको. मन्हासाठे तू मरी गयी."

पलीकडून फोन कट झाला. आबांनी टॅब पुढे ओढला. "आते लाव."

हितेंद्रने कंटेनर पुन्हा उभा केला. पडद्यावर पान उघडलं: नवीन खाते तयार करा. त्याने परत बघितलं. मग चार दिवसांपूर्वी आपण काय टाइप केलं होतं ते शोधून काढलं. नवं ॲप करून बघायचं, नको वाटलं तर साठवणीसकट उपटून टाकायचं, ही त्याच्या बोटांची सवय. रागात बोटांनी तेच केलं होतं, आईचे सगळे तुकडे पुसले गेले होते. फोटोंची दुसऱ्या डिस्कवर रोज प्रत निघायची. आवाजाची काढायचं त्याने पुढच्या रविवारवर ढकललं होतं. असे कितीतरी रविवार गेले होते.

"जरा वेळ लागेल, आबा."

तो दुसऱ्या खोलीत जाऊन नोंदी वाचत बसला, आणि तिथे त्याला ते सापडलं. पुनमने एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फाइल उतरवून घेतल्या होत्या. आई होती. दोंडाईच्यात होती. एक फोन करायचा, चुकलं म्हणायचं. त्याने पुनमचा नंबर उघडला, त्याकडे बघितलं आणि ब्लॉक केला. मग आबांच्या फोनवरूनही केला.

संध्याकाळी तो आबांजवळ बसला. "पुनमकडे तुमचा पासवर्ड होता ना? तुमचा फोन झाला आणि रागारागात तिने सगळं पुसलं."

"बठ्ठं?"

"सगळं."

आबांनी टॅब उलटा ठेवला. तो वाट बघत होता, ते तिला शिव्या देतील. ते म्हणाले, "तिन्हं काही चुकनं नही. मीच तसं बोलनू."

ऋतिका दारात उभी होती. फोन कट होताच उघडलेलं रिकामं पान तिने सकाळी पाहिलं होतं; पुनमला पुसायला वेळच मिळाला नव्हता. आबा मोरीकडे गेले तशी ती दबक्या आवाजात म्हणाली, "मी सांगणार आहे त्यांना."

"सांग," हितेंद्र म्हणाला. "आणि हेही सांग, की पोरीला मेली म्हणाले ते फुकटच गेलं."

तिने पदराने तोंड पुसलं आणि पोळ्या लाटायला गेली. तिने कधीच सांगितलं नाही.

पाहुण्यारावळ्यांत मात्र ही गोष्ट पसरली. पोरीने मेलेल्या आईचा आवाज पुसला. लोक हळहळायचे, पुनमच्या नावाने बोटं मोडायचे. हितेंद्र शेजारी बसून ऐकायचा आणि कुणाला आणखी चहा हवा का विचारायचा.

वर्षश्राद्धाला जेवणावळ उठल्यावर आबांनी त्याला जवळ बोलावलं. कुणी ऐकत नाही ना, हे आधी बघून घेतलं.

"हितू, तुन्ही मायना आवाज जाड व्हता का बारीक रे? मले सापडत नही."

हितेंद्रने आठवून पाहिलं. त्यालाही सापडला नाही.

"बारीक," तो म्हणाला.

"बारीक," आबा म्हणाले आणि मान डोलावत राहिले.