चष्मेबाबा आणि गणितातला भोपळा

शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी कपाटाला टेकून चमत्कार पाहिला.

टेबलावर त्यांच्या नऊ वर्षांच्या पोरीचा मेंदू पसरला होता. म्हणजे त्याचं चित्र. तिला फिट येतात, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय करून मेंदूतले निरोप वाहणारे धागे तपासले होते. पांढऱ्या कागदावर लाल, हिरव्या, निळ्या रेघांचा नुसता गुंता.

"ही लाल वाट दिसते?" बाधा उतरवायला बोलावलेले चष्मेबाबा गरजले. "इथूनच ती ये-जा करते!"

"कोण ती?" पोरीच्या आत्यानं विचारलं.

"नाव घेतलं तर मुक्काम ठोकेल."

"मग नकोच. घरात आधीच सातजण आहोत."

बाबांनी कागदावर फुंकर मारली आणि पोरीच्या आईच्या नाकावर लाल काचांचा चष्मा चढवला.

"अगंबाई! लाल रेघा गेल्या!"

चष्मा घरभर फिरला. सगळ्यांच्या गेल्या. माझ्याही गेल्या, मला तर गुडघाही बरा वाटू लागला.

"आता गोळ्या बंद! गोळीच्या वासानं ती परत येते."

गोळी अचानक तोडली तर पोरीच्या जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी आई सकाळची गोळी घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघाली.

"आई, थांब!" पोरगी चष्मा लावून दप्तरात डोकावत होती. "बाबा फार थोर आहेत. माझा गणितातला भोपळासुद्धा गेला!"

तिनं वही दाखवली. बाईंनी लाल शाईनं काढलेला टपोरा भोपळा चष्म्यातून गायब. चष्मा काढला, की हजर!

"बाबा, मग मी पास का?"

"ती... ती दुसरी हडळ."

"आमच्या बाई?"

पोरीच्या आजोबांची हयात छापखान्यात गेलेली. ते खो खो हसले. "अहो, लाल काचेतून पांढरा कागदही लालच दिसतो. लालात लाल रेघ कशी दिसणार?"

आईनं चित्राखालची ओळ पहिल्यांदाच वाचली. "लाल म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारे धागे. रंग संगणकानं दिलेले."

"म्हणजे माझ्याही डोक्यात लाल?" आत्या दचकली.

"सगळ्यांच्याच," आई म्हणाली. "बाबांच्याही असणार. चला बाबा, तुमचंही चित्र काढून आणू."

बाबा इतक्या घाईनं निघाले, की चष्मा टेबलावरच राहिला.

घोटभर पाण्याबरोबर गोळी पोटात गेली. रेघा जागच्या जागी राहिल्या, भोपळाही.

मंडळी, आजार डॉक्टरांना दाखवा आणि औषध त्यांनाच विचारून थांबवा. आणि कुणी तुमच्या नाकावर चमत्कार चढवलाच, तर आधी त्यातून आपला भोपळा बघा.